नऊ वर्षं जुना लॅपटॉप सारखा बंद पडतो. दुरुस्त करू की नवा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१६ चा आहे, चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो, दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतो आणि ८,००० रुपये मागतो. घरचे म्हणतात नवाच घे.

एकच विचारते. त्या दुकानदाराने लॅपटॉप तुमच्यासमोर उघडला होता का? नसेल, तर तो आकडा डोक्यातून काढून टाका. न उघडता मदरबोर्ड गेला म्हणणारा माणूस लॅपटॉप बघत नसतो, गिऱ्हाईक बघत असतो.

मी हिंगणघाटकडच्या एका खेड्यात घरीच ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं एका लॅपटॉपवर. तो बचत गटाच्या कर्जातून घेतला आणि हप्ते मी माझ्या कमाईतून फेडले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांनी त्या लॅपटॉपला एक रुपया लावलेला नाही, पण मत मात्र कायम दिलंय.

२०२५ च्या सुरुवातीची गोष्ट. फार्मर आयडीची, म्हणजे शेतकऱ्याच्या डिजिटल ओळखपत्राची, धांदल सुरू होती. अख्खं गाव दारात, कारण ते कार्ड नसेल तर पीएम किसानचे पैसे अडतील अशी धास्ती. त्यात कापसाला भाव नव्हता. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये आणि गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. त्यामुळे सगळ्यांसारखा आम्हीही कापूस विकला नव्हता. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत गंजी लागलेली आणि तिच्याच बाजूला माझा टेबल. तिथे लॅपटॉप बंद पडायला लागला. तोही नेमका कधी, तर आधारचा ओटीपी आला, गट नंबर जोडून झाले, ई-साइन तेवढं राहिलं की पडदा काळा. परत पहिल्यापासून. म्हातारी माणसं बाकावर बसून, "झालं काय वो बाई?" त्यांना काय सांगणार.

तालुक्याच्या दुकानात नेला. पोराने चालू केला, दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला." खर्च सांगितला साडेसहा हजार, वर "गॅरंटी नाही". मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि घरी आले.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, पुण्याला कंपनीत आहेत. "वहिनी, कायले त्या डबड्याच्या मागं लागून राहिल्या? फेका न् नवा घ्या हप्त्यावर. आमच्या कंपनीत तीन वर्षं झाली का लॅपटॉप बदलतेत." सासूबाई बाजूलाच होत्या. "तो कंपुटरवाला हाये, तो सांगते तेच खरं." झालं, घरात निकाल लागला. कंपनी बदलते ते कंपनीच्या पैशाने, हे मी त्या दिवशी बोलले नाही. आज लिहिते.

आता मुद्द्याचं. आपोआप बंद पडणं म्हणजे बहुतेक वेळा उष्णता. मदरबोर्ड खरंच गेला असेल तर लॅपटॉप सहसा चालूच होत नाही, नाहीतर कसाही, कधीही बंद पडतो. रोज थंड असताना नीट चालू होतो, दहा मिनिटं काम करतो आणि मग जातो, याचा अर्थ आत काहीतरी तापतंय. प्रोसेसर, म्हणजे सगळं काम करणारी मुख्य चिप, १०० अंशांच्या आसपास गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करून स्वतःला वाचवतो. तापमान दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. मी ते टाकलं तर फॉर्म भरता भरता आकडा ९७ वर. आणि पंख्याच्या जाळीपाशी हात धरला तर वारा नाही.

रात्री जेवणं झाल्यावर उघडला. ह्यांनी टॉर्च धरला. मी कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तो त्या चौकोनात तिथेच ठेवला. सगळ्या स्क्रूंची लांबी सारखी नसते, लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरच्या पत्र्याला भोक पाडतो. झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली. मग पंखा. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मधोमध कापसाची एक गादी बसलेली होती. वरून धुळीने काळपट, आतून पांढरीशुभ्र, बोटाने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. दिव्याची वात सहज वळता आली असती. गंजीतून उडणारा तंतू वर्षानुवर्षं तो पंखा ओढत होता आणि ती गादी वारा बाहेर जाऊच देत नव्हती. खाली प्रोसेसरवरची पेस्ट, जी त्याची उष्णता ओढून घ्यायला लावतात, वाळून खडू झालेली. शेजारचा पोरगा नागपूरला शिकायला आहे, त्याने तिथल्या बर्डीच्या बाजारातून पेस्टची नळी आणून दिली, दीडशे रुपयांची. जुनी पेस्ट पुसली, नवी डाळीच्या दाण्याएवढी लावली, पंखा ब्रशने साफ केला आणि बंद केलं. आकडा ७० च्या आत आला. साडेसहा हजारांचा बोर्ड तेव्हापासून आजपर्यंत सुरू आहे.

पुढे त्यात फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी जलद डिस्क, टाकली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली. रॅम घेताना आधी जुनीवरचं वाचा. माझ्यासारख्या इंटेलच्या पाचव्या पिढीच्या आय थ्री प्रोसेसरला बहुतेक डीडीआरथ्रीएल, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारी रॅम, लागते, दुकानदार साधी डीडीआरथ्री देतो आणि मग मशीन चालू होत नाही. सगळ्यात जास्त फरक एसएसडीने पडतो. विंडोज उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागत असेल, तर दोष प्रोसेसरचा नसतो, फिरणाऱ्या डिस्कचा असतो.

त्यानंतर भाऊजी उन्हाळ्यात आले. त्यांचा स्वतःचा नवाकोरा पातळ लॅपटॉप, दीड वर्षाचा, त्याचं एक बटण बसलं होतं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे कीबोर्ड एकटा बदलता येत नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. रॅम वाढवायची तर तीही बोर्डावर डाग देऊन बसवलेली. त्यांच्या लॅपटॉपला रस्ताच नाही आणि माझ्या डबड्यात चार स्क्रू काढले की सगळं हाताशी. हे मी त्यांना जेवताना सांगितलं. सासूबाईंनी वरण वाढायला घेतलं. भाऊजी म्हणाले, "तुमचा काळ वेगळा होता." त्यांचा लॅपटॉप माझ्याहून आठ वर्षांनी नवा आहे, काळ वेगळाच असणार.

तर हिशेब असा करा. दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपशी तोलू नका, नव्याशी तोलला की दुरुस्ती कायम स्वस्तच वाटते आणि नको तिथेही पैसे जातात. तुमच्या लॅपटॉपइतक्याच ताकदीचा जुना बाजारात कितीला मिळतो ते पाहा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या वर गेली तर सोडा. कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीचे आय फाइव्ह लॅपटॉप पंधरा-वीस हजारांत मिळतात आणि ते तीस-पस्तीस हजारांच्या नव्या हलक्या लॅपटॉपपेक्षा दणकट असतात, असं माझं ठाम मत आहे. भाऊजींचं नाही.

आणि पडदा काळा झाला म्हणजे स्क्रीन गेली असंही लगेच मानू नका. अंधारात तिरपा टॉर्च मारून पाहा. चित्र पुसट दिसत असेल तर मागचा उजेड गेलाय, बऱ्याचदा नुसती वायर असते. टीव्हीला एचडीएमआय वायर लावून चित्र आलं तर मशीन धडधाकट आहे. आमच्याकडे तर बरेच बिघाड चार्जरचेच निघतात. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळून परत आला की व्होल्टेज कसंही येतं, त्यात चार्जर जातो, आणि उंदराने वायर कुरतडली तर तेही मदरबोर्डच्याच नावावर खपतं. दुसऱ्याचा त्याच व्होल्टेजचा चार्जर लावून पाहायला पैसे लागत नाहीत. बोर्डात खरंच बिघाड असेल तरी बऱ्याचदा एखादी आयसी, म्हणजे बोर्डावरची बारीक चिप, गेलेली असते, अख्खा बोर्ड नाही. चिप लेव्हलचं काम करणारा माणूस नागपूर-अमरावतीला मिळतो, तालुक्याला क्वचितच.

आता हेही सांगायला हवं. बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आलंय किंवा झाकण नीट बसत नाही, तर लॅपटॉप आजच बंद करा. तिला टोचू नका, दाबू नका आणि उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका, पेट घेते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत असली बॅटरी ठेवणं म्हणजे घराला आग लावून घेणं. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी मेमरी बोर्डावरच चिकटवलेले स्वस्त लॅपटॉप असतात, त्यात दुरुस्तीला अर्थ नाही, तिथे तुमचे घरचे बरोबर. आत पाणी किंवा चहा सांडून महिने झाले असतील तरी सोडा. पोराची परीक्षा तोंडावर असेल तर प्रयोग करत बसू नका, कुणाचा तरी उसना आणा.

विंडोजचं एक राहिलंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१६ च्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. घरगुती वापराला सुरक्षेचे जादा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. नुसतं इंटरनेट, टायपिंग, पोरांचा अभ्यास असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. माझं अंगठ्याचं यंत्र विंडोजवरच चालतं म्हणून मला ते जमत नाही. त्यामुळे पुढच्या हंगामात मीही जुन्या बाजारातला एक आय फाइव्ह बघणार आहे. हा काढणार नाही, पोरीला देणार.

तुम्ही मात्र आधी पंखा साफ करून घ्या. स्वतः उघडायची भीती वाटत असेल तर दुकानात समोर बसून उघडायला लावा, दोन-चारशेत होतं. आपला डेटा आधी पेनड्राइव्हवर काढून घ्या. काही बदललंच तर जुना पार्ट परत मागा, आणि तो "कंपनीत जमा करावा लागतो" म्हणाला तर बिल मागा. बिलही नाही म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि दुसरं दुकान गाठा.