त्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हबद्दल

बाळा,

परवा सात रस्त्यावर तू चहा अर्धा टाकून उठलीस, तेव्हाच मला कळलं की माझं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. तू विचारलंस, "सर, माझ्या पेनड्राइव्हची प्रत पंचवीस ज्युनिअर मागतायत, देऊ की नको?" मी म्हणालो, "आत्ता नको." तुझा चेहरा पडला. तुला वाटलं, मीही त्या लोकांतलाच, जे म्हणतात की असली हॅकिंगची हत्यारं पोरांच्या हातात देऊ नयेत. तसं नाही. त्या दिवशी गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितोय.

ती हत्यारांची भीती आधी बाजूला ठेवू. नेटवर्कवर कुठलं यंत्र, कुठलं दार उघडं आहे ते शोधणारं एनमॅप १९९७ पासून सगळ्या जगासाठी उघडं आहे. नेटवर्कवरून जाणारी माहिती वाचून दाखवणारं वायरशार्क कुणीही उतरवून घेऊ शकतं. तू दिलं नाहीस म्हणून कुणी अडणार नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आयटी कायद्याचं कलम ४३ काय आणि ६६ काय, हे तुला पाठ आहे आणि पोरांना तू सांगशीलच. त्यावर माझा विश्वास आहे.

आणि देण्याच्या विरोधात मी कसा असेन? मी स्वतः दुसऱ्याने दिलेल्या सीडीवर शिकलो. क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसाने सीडीवरून थेट चालणारं नॉपिक्स बनवलं, त्याची एक प्रत पुण्याहून एका मित्राने मला आणून दिली. त्या काळात सोलापुरात फोनच्या लाइनवरून सातशे एमबी उतरवायचं म्हणजे काय, ते तुमच्या पिढीला सांगून कळणार नाही. हार्डडिस्कला धक्का न लावता अख्खं लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, समोर उभं राहिलं. त्या रात्री मी झोपलो नाही. पुढे २००६ मध्ये बॅकट्रॅक आलं, सुरक्षा तपासायच्या हत्यारांनी भरलेलं लिनक्स; २०१३ मध्ये त्याच लोकांनी ते नव्याने बांधून काली म्हणून आणलं, जे तुझ्या पेनड्राइव्हवर आहे. आमच्या गावात हे सगळं हातातून हातात आलं. देणारे नसते तर मी आजही कुठल्यातरी दुकानात प्रिंटरची शाई भरत बसलो असतो.

मग अडलं कुठे? तुझ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये, सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं.

तू चहा सांगायला गेलीस तेव्हा तुझा पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर सुरू होता. मी ती फाइल उघडली. कालीच्या रिपॉझिटरीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोठाराच्या ओळीत, चौकटी कंसात, "ट्रस्टेड बरोबर यस". ते तिथे का आलं हेही मी ओळखलं. तुझी मूळ आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची पेनड्राइव्हवर लिहायची एक फाइल, २०२४ मधली. २०२५ च्या एप्रिलमध्ये कालीच्या लोकांकडे, सॉफ्टवेअर आपलंच आहे अशी डिजिटल सही करायची जुनी किल्ली राहिली नाही, त्यांना नवी आणावी लागली. तेव्हापासून जुन्या पेनड्राइव्हवर अपडेट मारलं की सहीची चूक दाखवतं. त्यांनी उपाय जाहीर केला होता: नव्या किल्लीची छोटी फाइल उतरवा, तिचा ठसा, म्हणजे ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ, जुळवा, झालं. दोन मिनिटांचं काम. तू कुठूनतरी एक ओळ उचललीस, जिने तपासणीच बंद होते. चूक दिसायची थांबली, अपडेट धावलं, तू खूश.

आता बघ काय झालं. त्या ओळीचा अर्थ असा की रिपॉझिटरीतून जे येईल ते सही न बघता रूट म्हणून, म्हणजे यंत्राच्या सगळ्या अधिकारांनिशी, बसवून घ्या. ती रिपॉझिटरी साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर चालते, कारण सगळी मदार सहीवर आहे. सही बघणं बंद म्हटल्यावर मधे बसलेला कुणीही आपलं पॅकेज, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर, पुढे सरकवू शकतो. ज्या पोरांना तू एआरपी स्पूफिंग, म्हणजे नेटवर्कवर असंच मधे बसायचं कसं ते, शिकवणार आहेस, ती एकाच हॉस्टेलच्या वाय-फायवर बसून हा पेनड्राइव्ह चालवणार. त्यातल्या एकाने जरी मन लावून धडा गिरवला, तरी बाकी चोवीस जणांची यंत्रं त्याच्या ताब्यात. हे तू स्वतः विचार केला असतास तर तुला दिसलं असतं. राग मला याचाच आला. तुला येत नाही म्हणून कोण रागावेल? तुला येतं, आणि तरी तू बघितलं नाहीस.

पडताळल्याशिवाय द्यायचं नाही. पडताळल्याशिवाय घ्यायचं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळं तुला यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगलं मिळेल.

माझे वडील अक्कलकोट रोडवर यंत्रमागाच्या कारखान्यात होते. चादरीवरचा मोर कुठून येतो माहीत आहे ना? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, जेकार्डवर फिरते. जिथे भोक तिथे दोरा उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो. पुठ्ठे झिजले की नवीन संच पाडून आणायचा. संच आला की वडील तो लगेच मागावर चढवायचे नाहीत. जुना पुठ्ठा आणि नवा पुठ्ठा एकावर एक धरून खिडकीच्या उजेडासमोर न्यायचे. प्रत्येक भोकातून उजेड आला पाहिजे. एकेक करत शेकडो पुठ्ठे. मालक बाहेरून ओरडायचा की माग बंद पडलाय. वडील मान वर करायचे नाहीत. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेत एक दोरा भलतीकडे जातो, आणि मग त्या संचावर निघालेल्या प्रत्येक चादरीत, त्याच जागी, तीच चूक. चादर उसवून ती काढता येत नाही.

मी हे लहानपणी डोळ्यांनी बघितलं आणि तरी २०११ मध्ये मीच ते केलं नाही.

तेव्हा मी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी काही मुलांना शिकवत होतो, अकरा जण होते. माझा पेनड्राइव्ह होता, बॅकट्रॅक ५ चा, बदल साठवून ठेवणारं पार्टिशन केलेला. तोच घेऊन मी टॉवेलच्या एका कारखान्यात राउटरचं काम करून आलो होतो. पोरं म्हणाली, सर, आम्हालाही असाच द्या. मी त्या कारखान्याचं फोल्डर पुसलं, कचरापेटी रिकामी केली, आणि अख्ख्या पेनड्राइव्हची डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने इमेज घेऊन अकरा प्रती काढल्या. एका रात्रीत. फार अभिमान वाटला होता.

डीडी फाइली मोजत नाही, बाइट मोजतं. मोकळी दिसणारी जागाही जशीच्या तशी उतरते, आणि पुसलेली फाइल त्या मोकळ्या जागेतच पडून असते. तीन आठवड्यांनी एक मुलगा वर्गात आला. पुसलेल्या फाइली परत काढणाऱ्या फोटोरेकचा सराव करायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने ते मी दिलेल्या पेनड्राइव्हवरच चालवलं. समोर एक टेक्स्ट फाइल आली. त्या कारखान्याच्या राउटरची पूर्ण सेटिंग, पासवर्डसकट. त्याने प्रामाणिकपणे मला आणून दाखवली. उरलेल्या दहा प्रती तोवर कुठे कुठे गेल्या होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्याच दिवशी कारखान्यात गेलो, मालकांना सांगितलं, सगळे पासवर्ड बदलून दिले. नुकसान काही झालं नाही. पण त्यांनी मला परत बोलावलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा बरेच जण म्हणाले, बघ, वाटत सुटलास म्हणून झालं. ते मला तेव्हाही मान्य नव्हतं, आज तर नाहीच. वाटणं चूक नव्हतं. त्या अकरा जणांतले चौघे आज याच क्षेत्रात आहेत, एक जण बँकेच्या यंत्रांच्या नोंदींवर, लॉगवर, नजर ठेवायची रात्रपाळी करतो. मी हात आखडता घेतला असता तर ते कुठे गेले असते? माझी चूक एका रात्रीची, की इमेज काढल्यावर ती दुसऱ्याच्या नजरेने एकदा उघडून बघितली नाही. फोटोरेक त्याच पेनड्राइव्हवर होतं. मी स्वतः चालवलं असतं तर अर्ध्या तासात दिसलं असतं. पंधरा वर्षं झाली, मी हे हजारदा मनात तपासलंय आणि दर वेळी तिथेच येऊन थांबतो. अर्धा तास.

तेव्हा तू काय करायचंस ते सांगतो. वापरलेल्या पेनड्राइव्हची नक्कल करायची नाही. कधीच नाही. बदल साठवणारं पार्टिशन असेल तर त्यात तुझ्या घरचा वाय-फायचा पासवर्ड आहे, ब्राउझरचा इतिहास आहे, दूरच्या यंत्रात शिरायची तुझी एसएसएच किल्ली आहे. सगळं पंचवीस घरांत जाईल. त्याऐवजी कृती दे. कालीची आयएसओ ज्या लाइव्ह-बिल्ड नावाच्या साधनाने बनते ते उघडंच आहे. तुला हवी ती पॅकेजं एका टेक्स्ट फाइलमध्ये, तुझ्या स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये, आणि कोऱ्या यंत्रावर नवी आयएसओ बांध. ज्याला शंका आहे तो तुझी यादी वाचून तीच स्वतः बांधेल. शिवाय जीपीएल या मुक्त परवान्याखालचं सॉफ्टवेअर बांधून वाटलं की त्याचा सोर्सही घेणाऱ्याला मिळेल असं बघावं लागतं, ती बाजूही यात बरीचशी सांभाळली जाते.

मग आयएसओचा एसएचए-२५६ काढ. फाइलीत जराही बदल झाला की बदलणारी चौसष्ट अक्षरांची ओळ. ती आयएसओबरोबर त्याच पेनड्राइव्हवर ठेवशील तर काही उपयोग नाही, ज्याने आयएसओ बदलली तो ओळही बदलेल. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्या साइटवर घुसून कुणीतरी १७.३ सिनामनच्या आयएसओची लिंक बदलली. लोकांनी नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या विश्वासाने उतरवली आणि आत चोरून शिरायचं मागचं दार होतं. तेव्हा ओळ वेगळ्या वाटेने गेली पाहिजे. नाहीतर जीपीजी या साधनाने डिजिटल सही कर आणि किल्लीचा ठसा पोरांना समोरासमोर वाचून दाखव.

लिहिल्यावर परत वाचायचं, हे तर कुणीच करत नाही. डीडी "झालं" म्हणतं, पण पेनड्राइव्ह लिहितच असतो. तेवढ्यात लाइट जाते, नाहीतर आपणच उपटतो. सिंक होऊ दे, म्हणजे उरलेलं सगळं लिहून होऊ दे, मग आयएसओच्या लांबीइतके बाइट पेनड्राइव्हवरून वाचून त्याचाच एसएचए काढ. जुळला तर दे. बाजारात स्वस्तात ६४ जीबी म्हणून मिळतो त्यात खरी जागा आठच असते असेही पेनड्राइव्ह मी पाहिलेत. खरी जागा तपासणारं एफ३ चालव, खोटा असेल तर कळतं.

तू म्हणशील, सही जुळली तरी आतलंच नासलेलं असेल तर? असतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात तेच झालं, आत मागचं दार निघालं. कालीमध्येही २६ ते २९ मार्चच्या दरम्यान ते पॅकेज गेलं होतं, सही अगदी बरोबर. पण ते पकडलं कसं ते आठव. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका माणसाला एसएसएचने दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच दिसलं, आणि तो अर्धा सेकंद त्याने सोडला नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, नेट स्लो असेल. सही हे पडताळणीचं एक टोक आहे, नजर हे दुसरं. मला माझ्या वर्गात अशी नजर हवी असते. तुझ्यात ती आहे असं मला वाटतं म्हणून मी तीन पानं खरडतोय, नाहीतर "छान केलंस" म्हणून मोकळा झालो असतो.

ज्युनिअर घाई करतायत, करू दे. सुट्ट्या जवळ आल्यात, करू दे. कुणी म्हणेल, ताई भाव खाते. म्हणू दे. मला सगळं म्हणून झालंय.

रविवारी सकाळी घरी ये, दहाच्या आत, नंतर ऊन फार होतं. हिने शेंगाचटणी कुटलीय, कडक भाकरी आहे, जेवूनच जा. दोन कोरे पेनड्राइव्ह आण. जुनाही आण, त्यावर फोटोरेक चालवून काय काय निघतं ते तुला तुझ्याच डोळ्यांनी बघायचंय. आणि शनिवारपर्यंत नवी आयएसओ बांधून झाली तर ती मला आधी लिंकने पाठव. एसएचए मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. कागदावर लिही, चौसष्ट अक्षरं, चार-चारचे गट करून, आणि येताना तो कागद घेऊन ये. मी माझ्याकडे काढून ठेवतो, इथे बसून जुळवू.

तुझा,
सर