नवे फोटोग्राफर शोधताना

लाइक्सच्या मागे फिरलात तर सुटे फोटो खंडीभर सापडतील, फोटोग्राफर हाती लागणार नाही. त्यापेक्षा वर्ल्ड प्रेस फोटो, प्री पिक्टे अशा पुरस्कारांच्या याद्या चाळा. गौरी गिल यांना २०२३ मध्ये प्री पिक्टे मिळालं ते राजस्थानातल्या कामासाठी, आणि ते काम १९९९ पासूनचं. इतकी वर्षं त्याच माणसांकडे परत परत गेल्यावर फोटोत काय उतरतं ते बघा. अख्खी मालिका बघा, निवडक चार फोटो नव्हेत. अमेरिकन फोटोग्राफर ॲलेक सॉथ भलाथोरला एट बाय टेन (आठ बाय दहा इंची फिल्मचा) कॅमेरा ट्रायपॉडवर लावतात. समोरच्याला थांबावंच लागतं, आणि ते थांबणं चेहऱ्यावर दिसतं. स्ट्रीट फोटोग्राफीसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याच्या फोटोंसाठी, ॲलेक्स वेब बघा. कोणी आवडलं की मुलाखती वाचा, त्यात येणारी नावं टिपून ठेवा. लेन्सची चर्चा सुरू झाली की खुशाल पुढे सरका.