कर, जकात, शुल्क की पट्टी? (आणि ऑक्ट्रॉयची गंमत)

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या तेरा वसाहतींवर इंग्लंडने जे लादलं त्याला मराठीत कर म्हणायचं, जकात म्हणायचं, शुल्क की पट्टी, का सगळं एकच.

एकच नाही. पण आधी ते "जाचक करवाढीमुळे वसाहतवादी पेटून उठले" हे वाक्य लिहिणं बंद करा राव, दर चौथ्या लेखात असतं. वसाहतवादी म्हणजे लंडनवाले. तिकडे जाऊन राहिलेले ते वसाहतकार, आणि पेटले ते हे. आणि करवाढ कसली? १७६४ च्या शुगर अ‍ॅक्टने मळीवरची (काकवी लिहू नका, रम मळीची होते) जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, म्हणजे चक्क निम्मी केली, फक्त आधीची सहा पेन्सवाली कोणी धड भरत नव्हतं, कस्टमवाल्याचे हात ओले केले की माल सुटायचा, आणि आता मात्र खरोखर वसुली करायचं ठरलं, वर खटला चालणार ज्यूरी नसलेल्या आरमारी कोर्टात. १७७३ च्या टी अ‍ॅक्टचंही तेच. नवीन कर शून्य, पौंडामागे तीन पेन्स जुनेच होते, उलट ईस्ट इंडिया कंपनीचा चहा त्यामुळे स्वस्त पडणार होता. तरी १६ डिसेंबरच्या रात्री वसाहतकारांनी चहाच्या ३४२ पेट्या बोस्टन बंदराच्या पाण्यात फेकल्या. भांडण रकमेचं नव्हतंच, बसवणारा कोण याचं होतं.

आता शब्द. कर म्हणजे हात, जकात अरबीतून आली, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला आवडतो तो ऑक्ट्रॉय, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरची जकात. मुंबईत १ जुलै २०१७ ला बंद झाला तोच, दहिसर-मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लावणारा. मूळ फ्रेंच ऑक्ट्रॉआ, क्रियापद ऑक्ट्रॉआये, अर्थ काय तर "देणे, बहाल करणे"! मागे लॅटिन, ऑथर आणि ऑथॉरिटी ज्या घराण्यातले त्याच घराण्यातला. राजा शहराला वसुलीचा हक्क बहाल करायचा म्हणून ते नाव. म्हणजे ट्रकवाल्याच्या खिशातून काढायचं त्या गोष्टीचं नाव दान.

आणि इथेच अमेरिका येते. जानेवारी १७६६ मध्ये ब्रिटिश पुढारी थोरला विल्यम पिट पार्लमेंटात हेच बोलला, की कर म्हणजे प्रजेच्या प्रतिनिधींनी राजाला खुशीने दिलेली देणगी, मग अमेरिकेवर कर बसवताना आपण राजाला देतोय काय, आपली मालमत्ता? नाही, अमेरिकेतल्या लोकांची! दुसऱ्याच्या खिशातलं दान करायचं. माझ्या मते अख्खं भांडण ऑक्ट्रॉयच्या व्युत्पत्तीत बसतं, कोणाला पटो न पटो.

पुढच्याच महिन्यात वसाहतींची बाजू मांडायला लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनला पार्लमेंटाने प्रश्न विचारले. तो म्हणाला, आमच्या लोकांचा आक्षेप आतल्या कराला (१७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टने कागदपत्रांवर बसवला तसल्या) आहे, बाहेरून येणाऱ्या मालावरच्या जकातीला नाही, जकात किमतीत मिसळते, नको असेल तर माल घेऊ नका. स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द झाला, पण ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंडने हे शब्द धरून ठेवले आणि १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली, घ्या, बाहेरची आहे! मग पेनसिल्व्हेनिया वसाहतीतल्या जॉन डिकिन्सन या वकिलाने लिहिलं की नाव काही द्या, व्यापाराला वळण लावायला असेल तर चालेल, पैसा उभा करायला असेल तर तो करच. डिकिन्सन राजकारणात बरोबर, भाषेत चूक. मराठीत स्टॅम्पवाला तो कर आणि टाउनशेंडची ती जकात असंच लिहावं, नाहीतर वाचणाऱ्याला हा सगळा वाद कळणारच नाही. शुल्क सरकारी कागदावर ठेवा.

आता स्टॅम्प अ‍ॅक्टला परिभाषावाले "मुद्रांक कायदा" म्हणतात. चूक नाही, पण निर्जीव आहे, आणि निम्मे वाचक तरी पोस्टाचं तिकीट समजतात. लंडनमध्ये दाबून उठवलेला ठसा होता तो, वर्तमानपत्र, करारपत्र, पंचांगं, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा (एक शिलिंग, फाशांना दहा). १७६५ साली तिकडे हे चालू होतं तेव्हा पुण्यात थोरले माधवराव होते, आणि पेशवाईच्या जकातीत माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड आणि शिक्का मारायची ती छापा. छापा! तयार शब्द पडलाय. "छाप्याचा कायदा" का नाही म्हणायचं? हल्ली छापा म्हटलं की इन्कम टॅक्सवाले आठवतात हे मान्य, पण त्या वसाहतकारांना तरी काय वेगळं वाटलं असणार.

पट्टी राहिली. पट्टी म्हणजे एखाद्या निमित्ताने सगळ्यांवर वाटून बसवलेली जादा वसुली, कर्ज फेडायला बसवली की कर्जपट्टी. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने (१७५६-६३) ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं म्हणून इथे कर्जपट्टी लिहायचा मोह होईल, पण हा पैसा ठरला होता अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चासाठी. त्यामुळे फारतर फौजपट्टी म्हणा, कर्जपट्टी नको.