‘सर्व चित्रे स्वनिर्मित’ या ओळीखाली सही करण्याआधी

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पुण्यातल्या एका प्रकाशकाने 24 चित्रांचं काम दिलंय, दिवाळीआधी हवंय. पात्रं मी हाताने रेखाटली आहेत. मागचा वाडा, बाजार, नदीकाठ एआयकडून करून घ्यावा असं मनात आहे. रंगसंगतीही दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसारखी मागता येईल. करारनाम्यात ‘सर्व चित्रे स्वनिर्मित व मौलिक आहेत’ असं वाक्य आहे. मैत्रीण म्हणते, सांगूच नकोस, कोणाला कळतंय? आणि चित्रांवर हक्क माझाच राहील ना?
– एक चित्रकर्ती, सांगली

उत्तर : मैत्रिणीचं ऐकू नका. एआय वापरणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक, असंही 1872 चा करार कायदा सहसा मानत नाही. पण तुम्ही गप्प कुठे बसताय? ‘सर्व चित्रे स्वनिर्मित’ या ओळीखाली सही करताय. खरं नाही हे माहीत असताना समोरच्याला करारात आणण्यासाठी केलेलं विधान त्या कायद्याच्या कलम 17 प्रमाणे फसवणूक ठरतं आणि कलम 19 प्रमाणे प्रकाशकाला करार रद्द करायची मुभा मिळते. करारनामा पुढे वाचलात तर ‘तिऱ्हाइताने दावा केल्यास होणारे सर्व नुकसान चित्रकार भरून देईल’ अशा अर्थाचंही काही सापडेल. प्रकाशकांच्या मसुद्यांत ते बहुतेक वेळा असतं आणि चित्रकार मानधनाचा आकडा पाहून सही करतात. मानधन ठरावीक, जबाबदारी मात्र बेहिशेबी.

आता हक्काचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली एक भर पडली. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं कलम 2(डी)(6) म्हणतं. एवढं वाचून लोक निर्धास्त होतात. ते वाक्य लिहिलं गेलं तेव्हा प्रॉम्प्ट, म्हणजे शब्दांत लिहिलेली सूचना, टाकून चित्र देणारी यंत्रं नव्हती, हे एक. दुसरं असं की कर्ता ठरलात तरी चित्र कलम 13 प्रमाणे ‘मौलिक’ असावं लागतं. त्याचं माप सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात 2007 च्या डिसेंबरमध्ये घालून दिलं : नुसते कष्ट पुरत नाहीत, कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसावी लागते, थोडी तरी सर्जनशीलता हवी. ‘नदीकाठचा जुना वाडा, संध्याकाळ’ एवढं टाइप करून आलेल्या चित्रात तुमची निर्णयबुद्धी कोणती, हे कोर्टात पटवायचं काम माझ्याकडे आलं तर मी ते खुशीने घेणार नाही.

आपल्या कॉपीराइट कार्यालयाचीही यात तारांबळ उडालेली आहे. 2020 मध्ये त्याने एका चित्रासाठी एआय प्रणालीचं नाव सहकर्ता म्हणून नोंदवून घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. तुमच्या कामाच्या जवळ जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिडजर्नी या एआय साधनाने केलेल्या चित्रांच्या एका कॉमिक पुस्तकाबद्दल तिथल्या कार्यालयाने 2023 च्या फेब्रुवारीत ठरवलं की मजकूर आणि चित्र-मजकुराची मांडणी लेखिकेची, सुटी चित्रं मात्र कोणाचीच नाहीत. तो निर्णय इथे बंधनकारक नाही. तरी त्या हिशेबाने पाहिलं तर तुमची पात्रं पक्की तुमची आणि मागचा वाडा अधांतरी. प्रकाशक तर तुमच्याकडून सगळ्या पानाचा हक्क लिहून घेणार. जो हक्क आपल्याकडे असल्याची खात्री नाही तो विकायचा कसा?

एआयच्या कंपनीच्या अटींत ‘आउटपुट तुमचं’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ कंपनी तुमच्याशी भांडायला येणार नाही, इतकाच.

जाता जाता एक, एआयशी संबंध नसलेलं. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या ‘पेंटिंग’च्या कॉपीराइटचा पहिला मालक, उलट काही ठरलेलं नसेल तर, पैसे देणारा असतो, असं कॉपीराइट कायद्याचं कलम 17(बी) सांगतं. तुमचं रंगवलेलं चित्र त्यात बसतं की ते ‘ड्रॉइंग’ म्हणून बाहेर राहतं, यावर दोन वकील दोन मतं देतील. म्हणून ‘हक्क माझाच ना?’ याचं उत्तर करारनाम्यात लिहून घ्यायला हवं. हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिली नाही तर याच कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. बहुतेक मसुद्यांत ‘कायमस्वरूपी, जगभर’ असतं. त्यावर घासाघीस करा, करता येते. हक्क दिलेत तरी कलम 57 खाली चित्रावर आपलं नाव मागण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

दलालांबद्दल. शैलीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. कल्पना मोकळी, तिची मांडणी राखीव, हे 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यापासून पक्कं आहे. पण यंत्राला नाव दिलं की ते शैलीवर थांबेल याची हमी नाही. एखाद्या ठरावीक मुखपृष्ठाच्या फार जवळ जाणारं काही आलं, तर ‘मला ते चित्र माहीतच नव्हतं’ हे तुम्हाला म्हणता येणार नाही. प्रॉम्प्टमध्ये नाव तुम्हीच लिहिलेलं असेल आणि ते खात्यात साठलेलं असेल. दलाल 1971 मध्ये गेले. मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2031 अखेरपर्यंत त्यांच्या चित्रांचे हक्क शाबूत आहेत. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, तिथे ही अडचण नाही. हयात चित्रकारांची नावं तर प्रॉम्प्टमध्ये घालूच नयेत असं माझं मत आहे, कायदा काहीही म्हणो.

मी तुमच्या जागी असते तर या पुस्तकापुरती पार्श्वभूमीही हातानेच केली असती किंवा मुदत वाढवून मागितली असती. एआयकडून संदर्भ म्हणून चार-सहा वाडे बघायचे आणि मग स्वतः रेखाटायचं, याला माझी हरकत नाही. मात्र कच्ची रेखाटनं, तारखांसकट, जपून ठेवा.

तरीही वापरायचंच असेल तर प्रकाशकाला लेखी विचारा आणि ‘स्वनिर्मित’च्या जागी हे वाक्य सुचवा : ‘पात्रांची रेखाटने चित्रकाराने स्वतः केली असून पार्श्वभूमीसाठी एआय साधनाचा वापर झाला आहे, प्रकाशकास त्याची पूर्वकल्पना व संमती आहे.’ भरपाईच्या कलमात ‘मिळालेल्या मानधनाच्या रकमेपुरती’ हे शब्द घालायला सांगा. प्रकाशक पुढे पुस्तक किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-पुस्तकांत, चढवणार असेल तर त्यालाही ही माहिती लागणारच आहे. चित्रं एआयने बनवली आहेत का हे अॅमेझॉन 2023 पासून विचारतं, आणि नंतर भरपूर हात फिरवला असला तरी उत्तर ‘हो’च द्यावं लागतं.

हे सगळं ई-मेलवर करा, फोनवर नको. आणि उत्तर येईपर्यंत एआयचं एकही पान नमुना म्हणूनसुद्धा पाठवू नका.