रेशन कार्ड चोरीला गेलं, आता धान्य बुडणार का?

प्रश्न: एसटीत चढताना आईची पिशवी कुणीतरी मारली, आत केशरी रेशन कार्ड आणि आधार होतं. आई रडतेय, या महिन्याचं धान्य गेलं म्हणते.

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा, धान्य कुठेही जात नाही. दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागतो त्यामुळे नुसत्या कार्डावर चोराला काही उचलता येत नाही, आणि तुम्ही रेशन कार्डाचा १२ अंकी नंबर सांगून अंगठा लावला की अन्नसुरक्षेतलं माणशी ५ किलो मिळायलाच हवं, दुकानदाराने परत पाठवलं तर १९६७ ला फोन लावा. पोलिसात तक्रार देऊन पोच घ्या, ती जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत दुय्यम कार्डाचा अर्ज करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंत तर रेशनच्या दिवशी आठवणीने उघडा, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही.