आजोबांची शिकारीची दुनळी बंदूक वारशाने मिळाली आहे. ती नव्यासारखी कशी करता येईल?

नव्यासारखी करूच नका. त्या एका शब्दामुळे हे उत्तर लिहितोय, नाहीतर वाचून पुढे गेलो असतो.

तुम्ही म्हणता नळीवर गंज आहे, ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर) उडालंय, दस्ता (मागचा लाकडी भाग) काळा पडून चेचलाय, आणि ‘चांगलं पॉलिश मारून’ तुम्हाला ती चालवायची आहे. चालवायचं आधी उरकतो, कारण पॉलिशवर मला बरंच बोलायचं आहे. चालवायची की नाही हे बंदुकीचा कारागीर नळी मोजून सांगेल. जुन्या बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप) नळीची भिंत झिजून कुठे अर्ध्या मिलिमीटरवर आली असेल, तर ती शोभेची समजा. काडतुसाचं घर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, तीही मोजून घ्या. जुन्या दुनळ्यांमध्ये हे घर बरेचदा अडीच इंचाचं असतं आणि आजचं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंचाचं. मेख अशी की ते काडतूस आत मुकाट बसतं, कारण पावणेतीन हे माप बार उडून काडतुसाच्या तोंडाची घडी उलगडल्यानंतरचं आहे. आखूड घरात ती घडी पुढच्या निमुळत्या भागात उलगडते आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या शेजारी उभं राहू नका.

भिंतीची जाडी मोजावीच लागते, पण बाकीची बरीच माहिती बंदुकीवरच लिहिलेली असते. नळ्या उतरवा, खालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे नळीच्या चाचणीचे, शिक्के दिसतील. बंदूक ब्रिटिश असेल तर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. बर्मिंगहॅमचं 1813 पासून आहे. जास्तीचा बार भरून नळी टिकते का ते तिथे पाहतात आणि मग शिक्का मारतात. बोअर किती, चाचणी नुसत्या काळ्या दारूची की बिनधुराच्या दारूची, हे त्यावरून कळतं. हे शिक्के म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका.

आमच्या घरच्या बंदुकीची ही पत्रिका दादाने पुसून टाकली.

दादा म्हणजे चुलतभाऊ. काकांच्या मागे दुनळी त्याच्याकडे गेली, ते रीतसरच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती बंदूक मी लहानपणापासून पाहिलेली. अक्रोडाचा दस्ता, काकांचा गाल टेकायचा तिथे तळहाताएवढा गडद, गुळगुळीत डाग. डाव्या हाताच्या पकडीखालचं चौकटीचं खोदकाम पार झिजलेलं. कळीच्या बाजूला कोरलेलं उडतं बदक, त्याचं पिसन्‌पीस मोजता यायचं. वरवर गंज होता, नाही असं नाही. दादाने ती बफिंगचं चाक चालवणाऱ्या एका माणसाकडे दिली, आणि परत आली ती आरशासारखी. सगळ्यांनी वाहवा केली.

मी नख फिरवून पाहिलं. जुन्या चांगल्या बंदुकीत लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर असतं. इथे पॉलिश पेपरने घासून घासून लाकूड खाली गेलेलं आणि लोखंडाची कड नखाला अडकत होती. गालाचा डाग गेला होता, वर जाड चकचकीत व्हार्निश. बदकाला पंख होते, पिसं नव्हती. स्क्रूच्या खाचा भलत्याच पेचकसाने चावून ठेवलेल्या. खालचे शिक्के इतके पुसट झाले होते की नंतर एका जाणत्या कारागिराला भिंग लावूनही ते वाचता आले नाहीत. दादाचं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे: ‘मी वाचवली, तू नुसता बोलतोस. गंजून गेली असती तर?’

गंजाला चाक लागत नाही हो. वरवरचा गंज चार शून्यांची बारीक स्टील वूल, भरपूर तेल आणि हलका हात एवढ्याने निघतो, खालचं ब्लूइंगही राहतं. खड्डे पडले असतील तर राहू द्या. ते सपाट करायचे म्हणजे नळी पातळ करायची. दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवली की वाफेने फुगून वर येतात. टवका उडाला असेल तर मात्र येत नाहीत. मग जवसाचं तेल, थेंबभर घेऊन तळव्याने घासायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. आठवडे जातात. घाई असेल त्याने वारसा घेऊ नये.

ब्लूइंगचं रसायन कोणतं, असंही विचारलंय. घरी कोणतंच नाही. दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बहुतेक कथील-शिशाच्या डागाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात, आणि गरम क्षारांचं ब्लूइंग तो डाग खातं. जाणकार तिथे सावकाश गंज चढवून, उकळून, खरवडून ब्लूइंग करतात. नळीवर वळ्या-वळ्यांची नक्षी दिसली तर ती डमास्कस आहे, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली. तिला ब्लू नाही, तपकिरी रंग असतो. ती चालवायचा विचार तर सोडूनच द्या.

एक सोपी परीक्षा: उतरवलेली नळ्यांची जोडी दोरीने टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर जोड शाबूत. बद्द वाजली तर पट्टी सुटत आलीय.

हे आधी सांगायला हवं होतं: परवाना तुमच्या नावावर झाल्याशिवाय यातलं काहीच करू नका, वारसा वेगळा आणि परवाना वेगळा. दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. बंदूक उभी ठेवायची तर तोंड खाली, नाहीतर वर्षानुवर्षं तेल झिरपून दस्त्याचं डोकं, लाकूड लोखंडाला भिडतं तो भाग, मऊ पडतं. तुमचा दस्ता काळा पडलाय तो बहुधा यानेच. आणि चाकवाले सगळेच अडाणी असतात असं मी म्हणत नाही, पण शिक्क्यांवर पट्टी लावून काम करणारा मला अजून भेटायचा आहे.

दादा, हे तुझ्या वाचनात आलं तर: व्हार्निश अजूनही उतरवता येतं. दस्ता तेवढा सोडवून पाठव. बदकाचं मात्र माझ्याच्याने काही होणार नाही.