वाचक विचारतात : अंगणात कापूस, पोरांच्या हाती फटाके

प्रश्न : घर कवेलूचे आहे. दिवाळीपर्यंत सोयाबीनचे कुटार (भुसा) घरालगतच्या सांदवाडीतच असते, वेचलेला कापूस समोरच्या खोलीत. पोरांना रॉकेट आणि शॉट्स दोन्ही पाहिजेत. काय घ्यावे? (एक शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : रॉकेट घेऊ नका. रॉकेटला दिशा देते ती त्याची काडी. काडी वाकली, मोडली किंवा बाटली कलली, की ते कुठे शिरेल याचा नेम नाही. सरळ गेले तरी वरून येणारी गरम नळी वारा नेईल तिकडे पडते. कापसाला ठिणगी लागली तर तो लगेच भडकतोच असे नाही. वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत राहतो, घर झोपल्यावर पेट घेतो. कुटाराचेही तसेच. म्हणून फटाका निवडताना आधी ठिणगी कुठवर जाईल ते पाहा, आवाज आणि किंमत नंतर.

अंगणासाठी फुलझड्या, चक्री आणि अनार पुरेत, तेही खोलीचे दार-खिडकी लावून आणि कुटारावर ओली ताडपत्री टाकून. अनार विकत घेताना एकेक हातात घेऊन उलटा करा. बुडाची माती सुटलेली, कडेला चीर गेलेली किंवा हलवल्यावर दारू खळखळणारा अनार बाजूला ठेवा. दारूचा ठासा फुटलेला असला की आग एकदम आतपर्यंत जाते आणि अनार बॉम्बसारखा फुटतो. फुलझडीची जळून गेलेली तार बराच वेळ तापलेली राहते. ती जमिनीवर टाकली की अनवाणी पाय त्यावर पडणारच, तेव्हा पाण्याची बादली जवळ ठेवून तार त्यातच टाका.

शॉट्स घरी नाहीच. गावालगतच्या मोकळ्या आखरावर किंवा पीक निघालेल्या मोकळ्या वावरात न्या, आसपास गंजी किंवा झोपडी नको. पहिल्यांदा १२ शॉटची पेटी घ्या, मोठी नको. प्रत्येक शॉट सुटताना पेटीला खाली धक्का बसतो. भुसभुशीत जमिनीवर ठेवली तर तिसऱ्या-चौथ्या शॉटला ती कलते आणि उरलेले माणसांकडे सुटतात. घमेल्यात ओली रेती भरा, पेटी निम्मी आत रोवा, चारही बाजूंनी विटा लावा. वात बाहेर काढून लांब उदबत्तीने, हात लांबवून, बाजूने पेटवा. पेटीवर डोके कधीही आणू नका. मंडळी १५ ते २० मीटर लांब, वारा पाठीवर घेऊन उभी राहू द्या. मध्येच बंद पडली तर २० मिनिटे कोणी जवळ जायचे नाही, मग लांबून भरपूर पाणी ओतायचे. पुन्हा वात लावू नका.

प्रश्न : ‘ग्रीन’ फटाके म्हणजे हिरव्या उजेडाचे का? आणि त्याने आग लागत नाही हे खरे का? (शिक्षिका, वरूड तालुका)

उत्तर : दोन्ही नाही. गंमत अशी की गडद हिरवा उजेड ज्या बेरियमने येतो त्याच्यावरच सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे. ग्रीन फटाके नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले. धूर आणि धूळ सुमारे ३० टक्के कमी, इतकेच. ठिणगी तीच, चटका तोच. पेटीवर ग्रीनचे चिन्ह व क्यूआर कोड असतो. पण खोटे कोडही छापले जातात. म्हणून कारखान्याचे नाव-पत्ता छापलेला आहे का आणि दुकानावर परवाना लावलेला आहे का, हेही पाहा. जोडलेल्या लडी आणि ऑनलाइन विक्री २०१८ च्या निकालाने बंद आहेत. त्याच निकालात दिवाळीची वेळ रात्री ८ ते १० दिलेली आहे.

प्रश्न : तालुक्याच्या बाजारातून आणायचे कसे, आणि गेल्या वर्षीचे उरलेले चालतात का? (सिंदेवाही तालुका)

उत्तर : एसटी आणि रेल्वेत फटाके नेता येत नाहीत. मोटारसायकलवर आणत असाल तर पिशवी सायलेन्सरच्या बाजूला लटकवू नका. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकून आणा, आणि घासल्या-आपटल्याने फुटणाऱ्या टिकल्या बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवा. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी घाईत घेतलेल्या मालात फुटक्या पेट्या हमखास येतात, त्यामुळे दोनतीन दिवस आधी जा.

उरलेले जुने वापरू नका. पावसाळ्यात दारूने ओल धरलेली असते. वात विझल्यासारखी वाटते आणि पोरगा वाकून पाहतो तेव्हाच ती पुन्हा धरते. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवणे तर त्याहून वाईट. बादलीत दोन दिवस बुडवून मग पुरा.

प्रश्न : पाडव्याला गायगोधन, म्हणजे गुरांची पूजा असते. आदल्या रात्रीच्या आवाजाने बैल दावे तोडतात. (लाखनी तालुका)

उत्तर : सुतळी बॉम्ब गोठ्याच्या आसपास बिलकूल नको. गोठ्याकडे फुटणारे फटाके भिंतीच्या आडोशाला किंवा गावाच्या दुसऱ्या टोकाला वाजवायला सांगा. संध्याकाळी वैरण-पाणी करून जनावर ओळखीच्या माणसाच्या नजरेखाली बांधा. दावे गळ्याला नको, फास बसतो. तोंडाभोवतीच्या मोरकीलाच बांधा आणि गाठ अशी मारा की एका झटक्यात सोडता येईल. धानाची तणस गोठ्याला लागून रचली असेल, तर दिवाळीआधीच हलवा.